वाचकांचे प्रश्न : बर्फातली हवा, तळाचा गाळ आणि दुतोंड्या मारुती

ध्रुवांवरचा बर्फ आणि समुद्र हवामानाच्या नोंदी कशा जपून ठेवतात, यावर मागच्या अंकात टिपण दिले होते. त्यावर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (पंचवटी, बी.एस्सी.ची विद्यार्थिनी) : आठ लाख वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता, हे बर्फातल्या बुडबुड्यांवरून कळते म्हणे. एवढ्या काळात ती हवा झिरपून गेली नसेल कशावरून? आणि ती बाहेर काढतात कशी?

शंका रास्त आहे. या विषयात काम करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त मेहनत याच शंकेवर घेतली आहे.

अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात पडलेला बर्फ वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचा बर्फ पडतो, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. वरच्या ओझ्याने खालचा भुसभुशीत बर्फ दाबला जातो. साखरेचे पोते वर्षभर पडून राहिले की खालची साखर जशी ढेकूळ धरते, तसा हा कच्चा बर्फ घट्ट होत जातो. साधारण ५० ते १०० मीटर खोलीपर्यंत त्याच्या कणांमधून हवा खेळती असते. त्याखाली फटी बंद होतात आणि हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. म्हणजे बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. भरपूर बर्फ पडतो तिथे हा फरक काही दशकांचा असतो. अंटार्क्टिकाच्या कोरड्या मध्यभागी, हिमयुगाच्या काळात, तो काही हजार वर्षांचा होतो. हा फरक न धरता तापमानाचा आणि वायूचा आलेख शेजारी शेजारी ठेवला तर आधी काय बदलले याचे उत्तरच चुकते, आणि या चुकीवरून बरेच वाद झाले आहेत.

आता बोअर. यंत्राची नळी बर्फात फिरत उतरते आणि सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा दांडा घेऊन वर येते. एका खेपेला जेमतेम दोन-तीन मीटर. खोल गेल्यावर भोवतालच्या बर्फाच्या दाबाने भोक मिटू लागते, म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरून ठेवावा लागतो. हा द्रव दांड्याला चिकटतो, म्हणून मोजणीआधी दांड्याचा बाहेरचा भाग कापून टाकतात.

सर्वात नाजूक टप्पा सुमारे ६०० ते १२०० मीटर खोलीचा. इथे बुडबुड्यांतली हवा प्रचंड दाबाखाली असते. दांडा वर आला आणि बाहेरचा दाब गेला की तो तडकतो, कधी हातात धरल्या धरल्या त्याच्या चकत्या पडतात. तडा गेला की आजची हवा आणि बोअरमधला द्रव आत शिरतो आणि तो नमुना वायूच्या मोजणीसाठी फुकट जातो. म्हणून या पट्ट्यातले दांडे ध्रुवावरच थंड खंदकात कधी कधी वर्षभर स्थिरावू देतात आणि मगच कापतात. त्याहून खोल गेले की बुडबुडे दिसेनासे होतात. हवेचे रेणू बर्फाच्या स्फटिकांच्या जाळीत जाऊन बसलेले असतात आणि दांडा काचेसारखा आरपार दिसतो. हवा मात्र तिथेच असते. दांडा वर ठेवला की काही काळाने बुडबुडे पुन्हा उमटतात.

मोजणीसाठी ८ ते ४० ग्रॅमचा तुकडा निर्वात डब्यात, उणे वीस अंशांच्या आसपास, कोरडाच चुरडतात. एका ग्रॅममधून साधारण ०.१ घन सेंटिमीटर हवा निघते. ती लेसरच्या किंवा वायू वेगळे करणाऱ्या यंत्रात सोडतात. मिथेनसाठी बर्फ वितळवला तरी चालतो. कार्बन डायऑक्साइडसाठी चालत नाही, कारण तो पाण्यात विरघळतो, शिवाय बर्फातल्या धुळीतला चुना आणि आम्ल पाण्यात एकत्र आले की नवा वायू तयार होतो. ग्रीनलंडच्या बर्फात धूळ जास्त असल्याने तिथले कार्बन डायऑक्साइडचे आकडे विश्वासाने वापरत नाहीत. त्यासाठी अंटार्क्टिकाच लागते.

हवा झिरपली नाही याचा सरळ पुरावाही आहे. हवाईतल्या मौना लोआ इथे १९५८पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट मोजला जातो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ लॉ डोम इथे बर्फ इतका पडतो की १९७०च्या दशकातली हवाही आता बुडबुड्यांत बंद झाली आहे. दोन्हीकडचे आकडे एकमेकांवर बसतात. मध्य अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या बर्फाच्या दांड्यात आठ लाख वर्षांत हे प्रमाण हवेच्या दहा लाख रेणूंत सुमारे १७० ते ३०० या पट्ट्यात वरखाली होत राहिलेले दिसते. आज ते ४२०च्या वर आहे.

प्रश्न (सिन्नर, निवृत्त शिक्षक) : आठ लाख वर्षांचे आठ लाख थर कोणी एकेक मोजले का? आणि बर्फावरून तापमान कसे कळते?

नाही गुरुजी, आठ लाख थर मोजता येत नाहीत. ग्रीनलंडमध्ये भरपूर बर्फ पडतो, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा थर वेगळा ओळखू येतो, तिथे सुमारे ६० हजार वर्षांपर्यंत खरोखर मोजणी झाली आहे. डोम सीला मात्र वर्षाला पाण्याच्या हिशेबात जेमतेम २५ मिलिमीटर बर्फ पडतो. तुमच्या सिन्नरच्या कोरड्या पूर्व पट्ट्यात एका चांगल्या सरीत एवढा पाऊस होतो! खाली खाली हे थर आणखी चेपतात. तिथून जवळच लिटल डोम सी इथे जानेवारी २०२५मध्ये २८०० मीटर खोलीवर युरोपीय चमूने किमान १२ लाख वर्षांपूर्वीचा बर्फ गाठला. त्यात एका मीटरमध्ये १३ हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबला गेलेला आहे.

म्हणून खुणेचे दगड शोधतात. मोठा ज्वालामुखी फुटला की त्याचे गंधकाचे आम्ल दोन्ही ध्रुवांवर उतरते. इंडोनेशियातल्या तांबोराचा १८१५चा आणि तिथल्याच लोंबोक बेटावरचा १२५७चा असे स्फोट दोन्हीकडच्या बर्फात ओळखू येतात. अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गी धुळीचा १९६३च्या आसपासचा थर वरच्या भागात सापडतो. दोन खुणांमधला हिशेब बर्फ किती पडला आणि किती वाहिला याच्या गणिताने भरतात. खडकाला टेकलेल्या तळाच्या बर्फाला मात्र घड्या पडलेल्या असतात, जुना थर नव्याच्या वर येतो. तिथली तारीख कितीही मोहात पाडणारी असली तरी धरू नये.

तापमानाचे सूत्र पाण्यातच आहे. ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंमागे एक अणू जड असतो. असा अणू असलेल्या जड पाण्याची वाफ कमी होते आणि ढगातून ते आधी गळते. अरबी समुद्राचा ढग इगतपुरीला रिकामा होत होत सिन्नरला पोचेपर्यंत हलका झालेला असतो. ध्रुवाकडे निघालेल्या ढगाचेही तसेच, आणि थंडी जितकी कडक तितके जड पाणी वाटेतच जास्त सांडते. ध्रुवावरच्या बर्फात जड अणू कमी सापडले की तो काळ थंड होता असे समजायचे.

प्रश्न (नाशिकरोड, माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका) : वर्गात ग्लासात बर्फ वितळवून दाखवला. पाण्याची पातळी वाढली नाही. मुले विचारतात, मग समुद्र कसा वाढतो?

तुमचा प्रयोग बरोबर आहे, फक्त तो अर्धा आहे. पूर्ण प्रयोग असा करा.

सरळ कडांचे, सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे दोन पारदर्शक डबे घ्या. प्रत्येकात ३ लिटर पाणी आणि लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घाला (दोन सपाट मोठे चमचे). खारेपणा साधारण समुद्राएवढा होतो. पाणी रात्रभर ठेवा म्हणजे दोन्हींचे तापमान खोलीएवढे होईल. दुसऱ्या डब्यात पाण्याबाहेर डोके काढणारी वीट उभी करा. वीट आदल्या दिवशी भिजवून ठेवा, नाहीतर ती पाणी पिते आणि पातळी उलटी खाली जाते. आता पातळीची खूण करा. पहिल्या डब्यात २५० ग्रॅम बर्फ तरंगत सोडा आणि लगेच पातळीची दुसरी खूण करा. दुसऱ्या डब्यात तेवढाच बर्फ विटेच्या डोक्यावर ठेवा.

वितळून झाल्यावर घाईने मोजू नका. पाणी सात-आठ अंशांनी गार झालेले असते आणि गार पाणी आकसते. तीन-चार तास थांबा, वर ताट झाका. नाशिकच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत उघडे पाणी भराभर उडते आणि हिशेब बिघडतो. मग पाहा. विटेच्या डब्यातली पातळी सुमारे १० मिलिमीटर वर आलेली असेल, तर तरंगत्या बर्फाच्या डब्यात ती जवळपास दुसऱ्या खुणेवरच असेल. बारकाईने सांगायचे तर तिथेही पाणी सुमारे ०.२ मिलिमीटर वाढते, कारण गोड्या बर्फाचे पाणी खाऱ्यापेक्षा थोडी जास्त जागा घेते. ते पट्टीने दिसणार नाही.

तरंगता बर्फ म्हणजे आर्क्टिकचा समुद्री बर्फ. विटेवरचा बर्फ म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. ग्रीनलंडचा सगळा बर्फ समुद्रात आला तर पातळी सुमारे ७ मीटर वाढेल, अंटार्क्टिकाचा आला तर सुमारे ५८ मीटर. याला शतकांहून शतके लागतील हेही मुलांना सांगा, उगाच घाबरवू नका.

पण समुद्री बर्फ वितळला तर बिघडले काय, असे मूल विचारेलच. ताजा बर्फ ऊन पडल्यावर त्यातले ८० ते ९० टक्के परत फेकतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. बर्फ गेला की तेच ऊन पाण्यात मुरते आणि आणखी बर्फ जातो. शिवाय अंटार्क्टिकाच्या कडेने तरंगणारे बर्फाचे तट मागच्या हिमनद्यांना बांधासारखे अडवून धरतात. २००२मध्ये लार्सन बी नावाचा सुमारे ३२५० चौरस किलोमीटरचा तट महिन्याभरात फुटला. तो आधीच तरंगत होता, त्यामुळे त्याने स्वतः समुद्र वाढवला नाही. मागच्या हिमनद्या मात्र सुटल्या आणि वेगाने समुद्रात उतरू लागल्या.

वेळ असेल तर आणखी एक प्रयोग जरूर करा. बिटाचा रस घालून बर्फाचे खडे करा. एक साध्या पाण्याच्या ग्लासात सोडा, एक खाऱ्या पाण्याच्या. साध्या पाण्यात लाल धागे सरसर खाली उतरताना दिसतात आणि खडा लवकर संपतो. खाऱ्या पाण्यात लाल थर वरच साचून राहतो, थंड पाण्याची टोपी तयार होते आणि खडा बराच वेळ टिकतो. उत्तर अटलांटिकमध्ये खारे पाणी थंड होऊन खाली बुडते आणि समुद्राचा मोठा प्रवाह त्यावर चालतो. ग्रीनलंडचे गोडे पाणी तिथे हीच टोपी घालते. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसले की फळ्यावर आकृती काढायची गरज उरत नाही.

प्रश्न (रविवार कारंजा) : गोदेचा पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. समुद्राची पातळी कशावरून मोजतात?

तशाच पक्क्या खुणेवरून. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. आशियातल्या सर्वात लांब नोंदींपैकी ही एक. खोल नळीत पाणी संथ राहते, लाटांचा धक्का लागत नाही आणि पाण्याची पातळी सतत नोंदली जाते.

अडचण एकच : मारुतीच खचला तर? पाणी मारुतीच्या कमरेला लागले म्हणजे पूर वाढला की मारुती खाली गेला, हे नुसत्या खुणेवरून कळणार नाही. किनाऱ्यावर हे खरोखर घडते. त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचा गाळ धरणांत अडतो, मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाला नवी माती कमी मिळते आणि जुनी माती दबत राहते. तिथे समुद्र वाढतो आणि जमीन खचते, दोन्ही एकदम. म्हणून १९९३पासून उपग्रहांवरून रडारने समुद्राचा पृष्ठभाग वेगळा मोजतात.

१९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. १९७१पासूनची जवळपास निम्मी वाढ बर्फाची नाही, पाणी तापून फुगल्याची आहे, कारण पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रातच जाते. ती मोजायला जगभरच्या समुद्रात आर्गो नावाची सुमारे ४ हजार तरंगती यंत्रे आहेत. माणसाएवढी नळी १००० मीटर खोलीवर वाहत राहते. दर दहा दिवसांनी ती २००० मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान आणि क्षार मोजत, पृष्ठभागावरून उपग्रहाला कळवते. वर-खाली जायला पंखा नसतो. आतले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की नळीचे आकारमान वाढते आणि ती वर येते. आपल्याकडच्या अशा यंत्रांचे काम हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडे आहे.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : समुद्रतळाच्या चिखलावरून हजारो वर्षांपूर्वीचा मान्सून कसा कळतो?

चिखलात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचे असतात, वाळूच्या कणाएवढी. ओमानच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही जात फोफावते. गाळाच्या ज्या थरात ती जास्त, त्या काळात मान्सूनचा वारा जोराचा.

काम किचकट आहे. गाळ ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर पाण्याने धुतात, भट्टीत मंद आचेवर वाळवतात, मोठी कवचे वेगळी चाळतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक ब्रशचे टोक ओले करून एकेक कवच उचलायचे आणि जातीनुसार काळ्या पट्टीच्या खान्यांत लावायचे. एका नमुन्यातली किमान ३०० मोजल्याशिवाय टक्केवारी धरत नाहीत. चाळणीत मागच्या नमुन्याची कवचे अडकून राहिली तर एका शतकाचा मान्सून दुसऱ्यात मिसळतो. म्हणून दोन नमुन्यांमध्ये चाळणी मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगात बुडवतात. पुढच्या नमुन्यात निळे कवच दिसले की ते परके, बाजूला काढायचे. इतका साधा आणि इतका पक्का उपाय क्वचितच पाहायला मिळतो.

चूक कुठे होते? तळाचे किडे वरचा सुमारे १० सेंटिमीटर गाळ उकरून मिसळतात. खोल समुद्रात हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटरच गाळ बसत असेल, तर तिथे शतकाचा तपशील मागण्यात अर्थ नाही. अरबी समुद्रात काही ठिकाणी मात्र मधल्या खोलीवर प्राणवायू इतका कमी आहे की किडेच नाहीत. तिथले थर वहीच्या पानांसारखे जसेच्या तसे मिळतात. शिवाय समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, म्हणून कार्बन-१४ने काढलेल्या वयातून साधारण ४०० वर्षे वजा करावी लागतात, काही भागांत त्याहून जास्त.

प्रश्न (निफाड, द्राक्ष बागायतदार) : ध्रुवावरचा बर्फ वितळतोय म्हणून आमच्याकडे अवकाळी आणि गारपीट वाढली, असे सगळे म्हणतात. खरे काय? आम्ही काय नोंदी ठेवाव्यात?

माल तयार असताना गारा पडल्या की वर्ष हातचे जाते, त्यामुळे हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे आम्ही जाणतो. म्हणूनच उत्तर तोलून देतो. तुमच्या बागेतल्या एखाद्या गारपिटीचे बोट धरून थेट ध्रुवापर्यंत जाता येत नाही. आर्क्टिक तापल्याने आपल्या अक्षांशांवरचे वारे किती बदलतात, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या गारा बहुधा पश्चिमी विक्षोभामुळे पडतात. भूमध्य समुद्राकडून येणारी ही वरच्या थरातली थंड हवा आणि खालची समुद्राची दमट हवा एकमेकींवर आली की गारांचे ढग उभे राहतात.

ठामपणे सांगता येते ते जवळच्या समुद्राबद्दल. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतो आहे, आणि २६ अंशांच्या वरचे पाणी हे चक्रीवादळाचे इंधन असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून उत्तर महाराष्ट्रात आले, ते तुम्ही पाहिलेच आहे. दमट हवा पुरेशी असली की कोणत्याही निमित्ताने पडणारा पाऊस जोरात पडतो.

नोंदींचे विचाराल तर, कमाल-किमान तापमापक सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर लावा. पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर लावलात तर तो शेडचे तापमान दाखवेल. थंडीच्या लाटेत गोठण्याचा अंदाज हवा असेल तर दुसरा तापमापक घडांच्या उंचीवर टांगा. स्वच्छ, निवांत रात्री दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. पर्जन्यमापक झाड किंवा शेडच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. घरचा करायचा असेल तर २० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे बाटलीवर बसवा. ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या, हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे आकडे जुळवता येतील. गारा पडल्या तर वेळ आणि आकार लिहा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. पाऊस शून्य असला तरी शून्य लिहा. रिकामा रकाना पुढे कोणालाच वाचता येत नाही. हवामानाची सरासरी ३० वर्षांची धरतात, त्यामुळे वही मुलांच्या हाती सोपवता येईल अशी ठेवा.

प्रश्न (सातपूर, आयटीआयचा विद्यार्थी) : अंटार्क्टिकाला फक्त शास्त्रज्ञच जातात का?

नाही. भारताची पहिली मोहीम १९८१-८२ची. आज तिथे मैत्री (१९८९पासून) आणि भारती (२०१२पासून) ही दोन केंद्रे वर्षभर चालतात, आर्क्टिकमध्ये हिमाद्री आहे. हिवाळ्यात जहाज पोचत नाही तेव्हा जनरेटर, हीटर, बर्फावरची वाहने, पाण्याच्या वाहिन्या चालू ठेवणाऱ्यांवरच सगळ्यांचा जीव असतो. म्हणून डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, स्वयंपाकी आणि डॉक्टरही चमूत असतात. निवड गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत होते. त्यांच्या संकेतस्थळावर जाहिराती येतात. निवड झालेल्यांची कडक वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औली इथे बर्फावर राहण्याचा सराव करून घेतात. ट्रेडचे प्रमाणपत्र आणि त्यानंतरच्या कामाच्या अनुभवाचे दाखले आतापासून नीट जमवून ठेवा, अर्जाला तेच लागतात.